जुन्या डीसी ड्राइव्हचा आयसी गेलाय, बाजारात मिळत नाही. काय करावं?

खान्देशी_चटईवाला
नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, प्लास्टिकच्या चटया बनवतो. एका एक्स्ट्रूडरवर वीस एचपीची डीसी मोटर आहे आणि तिचा ड्राइव्ह १९८० च्या दशकातला. ज्यांनी तो बनवला त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं, ड्रॉइंग नाही, मॅन्युअल नाही, पॅनलच्या दारावर आतून चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद आहे त्यावर नुसते टर्मिनल नंबर. आता झालंय असं की मोटर घरघर करते, लोड दिला की बसते, अँपिअर मीटरचा काटा नाचतो. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो एक फेज फायर होत नाहीये. फायरिंग कार्डवर, म्हणजे एससीआर नावाच्या पॉवर स्विचना चालू व्हायचा इशारा देणाऱ्या बोर्डावर, तीन सारखे आयसी आहेत, यूएए १४५, सोळा पायांचे, त्यातला एक गेलाय म्हणे. मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, शेठ हे नाव बऱ्याच वर्षांनी ऐकलं. मग ड्राइव्हवाला एजंट येऊन गेला, त्याचं म्हणणं मोटर-ड्राइव्ह सगळं भंगारात द्या आणि एसी मोटर आणि तिचा स्पीड बदलणारा व्हीएफडी लावा. त्याचं कोटेशन वाचून वडिलांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तर आयसी शोधत बसू, दुसरा कुठला चालेल, की खरंच सगळं बदलू? सीझन तोंडावर आहे, बाकी दोन मशीनवर किती दिवस काढणार.

फ्यूज_उडाला
वडिलांना इथे सभासद करून घ्या. आमच्याकडच्या सगळ्या एजंटांशी त्यांनाच बोलू दे.

तापकीर_गल्ली
यूएए १४५ म्हणजे टेलिफंकनचा फेज कंट्रोलचा आयसी. एके काळी डीसी ड्राइव्ह, प्लेटिंगचे रेक्टिफायर, बॅटरी चार्जर, सगळीकडे हाच असायचा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दोन-तीन जुनी माणसं आहेत, विचारून बघतो, पण फार आशा ठेवू नका.

जुना_सोल्डर
भाऊ, आयसी शोधायच्या आधी एक काम करा. आयसी गेलाय हे कोणी ठरवलं आणि कसं ठरवलं? "गेलाय म्हणे" यावर खरेदी करायची नसते. मी आयुष्यभर कार्डं दुरुस्त केली, माझ्याकडे "आयसी गेलाय" म्हणून येणाऱ्या कार्डांत आयसी धडधाकट आणि शेजारचा कपॅसिटर सुकलेला, हे इतक्यांदा बघितलंय की आता हसू पण येत नाही.

तीन फेजला तीन सारखे आयसी आहेत ही तुमची चैन आहे. मेन बंद करा, पॅनलमधले कपॅसिटर आणि स्नबर (एससीआरना व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं सर्किट) डिस्चार्ज होऊ द्या, मग आर फेजचा आयसी काढून वाय ला लावा आणि वाय चा आर ला. बेस नसेल तर आत्ताच चांगले मशीन्ड पिनचे बेस सोल्डर करून घ्या, पुन्हा पुन्हा ट्रॅक तापवू नका, जुन्या बोर्डाचे ट्रॅक लगेच उचलतात. आता दोष आयसीबरोबर दुसऱ्या फेजवर गेला तर आयसी खराब. दोष जागचा हलला नाही तर आयसीला सोडा आणि त्या फेजचा सिंक ट्रान्सफॉर्मर, सिंकचा रेझिस्टर, रॅम्पचा (फायरिंगची वेळ ठरवणाऱ्या चढत्या व्होल्टेजचा) कपॅसिटर, पल्स ट्रान्सफॉर्मर, गेटची वायर असं क्रमाने बघा.

पण हे सगळं करायच्याही आधी कार्डाचे +१५ आणि -१५ व्होल्टचे सप्लाय मोजा. मल्टिमीटरवर पंधरा दिसले म्हणून खूश होऊ नका, एसी रेंजवर रिपल, म्हणजे डीसीवरची थरथर, बघा. चाळीस वर्षं गरम पॅनलमध्ये बसलेला इलेक्ट्रोलिटिक वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून कोरडा असतो. ते सगळे सरसकट बदला, १०५ डिग्रीचे टाका, खर्च किरकोळ आहे.

आणि स्कोप (ऑसिलोस्कोप) लावणार असाल तर कृपा करून स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून लावू नका. एससीआरच्या बाजूला मोजायचं तर डिफरन्शिअल प्रोब, तो नसेल तर स्कोप फक्त कार्डाच्या कंट्रोल बाजूलाच.

नाशिकचा_फिटर
सोल्डर काकांशी सहमत. वर एक अनुभव सांगतो. असाच एक बंद झालेला आयसी आम्ही ऑनलाइन मागवला, दहाचं पाकीट, भाव इतका कमी की तिथेच शंका यायला हवी. आले ते एकदम चकचकीत, एकाच तारखेचा कोड, छपाई झकास. एकही चालला नाही. कापसावर ॲसिटोन घेऊन घासलं तर वरचा काळा थर निघाला आणि खाली दुसराच नंबर पुसट दिसायला लागला. चिप बंद होऊन वीस वर्षं झालेली आणि तुम्हाला मिळतोय कोरा करकरीत माल, पाय नुसते आरशासारखे, तर तो नवा कसा असेल हो? पाय वाकवल्याच्या, आधी सोल्डर झाल्याच्या खुणा असलेला माल मला जास्त विश्वासाचा वाटतो, निदान तो कधीतरी कुठेतरी चालत होता.

तापकीर_गल्ली
@नाशिकचा_फिटर, ॲसिटोनला पण आता दाद देत नाहीत, थर पक्का लावतात. दोन आयसी शेजारी ठेवून पाय एकच्या खळग्याची खोली बघायची. थर दिलेल्यात खळगा भरून येतो नाहीतर दोन्हींत वेगळा दिसतो. पण खरी परीक्षा सर्किटमध्येच.

मेघना_के
माझं कामच हे आहे, एका प्रोसेस प्लांटमध्ये स्पेअर्सचं प्लॅनिंग बघते. पार्ट बंद व्हायच्या आधी बहुतेक कंपन्या तसं कळवतात आणि शेवटची ऑर्डर द्यायची मुदत देतात. अडचण ही की ते पत्र जातं चिप विकत घेणाऱ्याला, म्हणजे ड्राइव्ह बनवणाऱ्याला. ड्राइव्ह वापरणाऱ्या चटईवाल्याला कोण सांगणार? आता झेड ८० चंच बघा. १९७६ चा प्रोसेसर, झायलॉगने २०२४ च्या एप्रिलमध्ये कळवलं की सुटी चिप बंद करतोय, जूनच्या मध्यापर्यंत शेवटच्या ऑर्डरी द्या. आमच्याकडे झेड ८० वर चालणारे वजनकाट्याचे कंट्रोलर आहेत हे मला ती बातमी वाचल्यावर स्टोअरच्या लोकांनी सांगितलं!

दुसरा मोठा फटका इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर युरोपात आलेल्या बंदीचा, १ जुलै २००६ पासून. जुन्या, कमी खपाच्या चिपसाठी नव्याने सगळी तपासणी कोण करणार, म्हणून त्या निमित्ताने कितीतरी पार्ट बंदच केले गेले.

अधिकृत मार्ग हवा असेल तर रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या अमेरिकन कंपन्या आहेत, त्या मूळ उत्पादकाचा उरलेला माल आणि काही ठिकाणी डिझाइनसुद्धा रीतसर घेतात आणि काही चिप पुन्हा बनवून विकतात. स्वस्त नाही, आणि कमीत कमी ऑर्डरची अट असते. पण माल खरा मिळतो.

इचलकरंजीकर
वजनकाटा म्हटलात म्हणून, आमच्या रॅपिअर लूमच्या कंट्रोलरमध्ये डॅलसची डीएस १२२५ बसलेली, आठ केबीची मेमरी, आतच लिथियमचा सेल आणि वरून सगळं सीलबंद. दहा वर्षांचा भरवसा, आम्ही वापरली त्याच्या दुप्पट. एक दिवस लाइट गेली आणि आली तेव्हा मशीन डोक्याने कोरं, डिझाइन गायब. तर पोराने सुचवलं एफरॅम बसवू, ती मेमरी सेलशिवाय डेटा धरते, सेलची कटकटच नको. पाय जुळतात, अडॅप्टरवर बसवली आणि काय, कधी चालतंय कधी नाही. मग कळलं की त्या एफरॅमला प्रत्येक वेळी चिप सिलेक्टची कडा लागते, पत्ता त्या कडेवर पकडला जातो. आमचा बोर्ड चिप सिलेक्ट खाली धरून नुसते पत्ते बदलत होता, साध्या एसरॅमला ते चालतं, हिला नाही. शेवटी साधी एसरॅम, सुपरवायझर आयसी आणि बाहेर नाण्याएवढा सेल असं छोटं कार्ड केलं. आता सेल बदलता येतो, मिटलं.

सांगायचा मुद्दा, पाय जुळले म्हणजे सोयरीक जुळली असं नाही.

फ्यूज_उडाला
पत्रिका जुळली तरी टायमिंग बघावं लागतं तर!

स्टुटगार्टचा_पाव्हणा
मला वाटतं तुम्ही सगळे झाडाच्या पानावर चर्चा करताय. मोटर चांगली आहे ना? मग मोटर ठेवा आणि फक्त कन्व्हर्टर बदला. डीसी ड्राइव्ह काही जगातून संपलेले नाहीत, सीमेन्सचा सिनॅमिक्स डीसीएम, एबीबीचे डीसीएस, पार्करची ५९० सिरीज, हे डिजिटल डीसी ड्राइव्ह इथे पेपर मिलमध्ये, रबराच्या कारखान्यांत आजही लावतात. फील्डचा (मोटरच्या चुंबकीय गुंडाळीचा) सप्लाय आतच, आर्मेचरचं (फिरणाऱ्या गुंडाळीचं) ऑटोट्यूनिंग, फॉल्टचा कोड समोर दिसतो. चाळीस वर्षांच्या कार्डावर एक भंगारातला आयसी चढवून सीझन काढणं म्हणजे शुद्ध जुगाड आहे.

जुना_सोल्डर
पाव्हणं, सल्ला चुकीचा नाही. पण जळगावातल्या वीस एचपीच्या युनिटला त्या ड्राइव्हची किंमत आणि यायला लागणारे आठवडे परवडतात का हे बघा की. आणि जुगाड कशाला म्हणायचं? पार्टची डेटाशीट समोर ठेवून, त्याचं काम समजून दुसरा बसवला तर ती दुरुस्ती. न समजता बसवला आणि चालला तर जुगाड.

मेघना_के
मी थोडी पाव्हण्यांच्या बाजूने. एक आयसी मिळाला, मशीन चालू झालं, आणि पुढच्या वर्षी दुसरा गेला तर? या कार्डावर अजून दोन तितकेच म्हातारे बसलेत. जे कराल त्यात पुढच्या पाच वर्षांचा विचार हवा.

भोसरीचा_भंगारवाला
नाव गमतीत घेतलंय, धंदा खरंच तोच आहे. पूर्वी असे पार्ट लागले की लोक कुदळवाडीत यायचे, अख्खी पॅनल्स वजनावर मिळायची. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली भंगारची गोडाऊनं पाडली तेव्हापासून माल विखुरला, कोण चाकणकडे गेला कोण कुठे. प्लेटिंगवाले जुने रेक्टिफायर विकतात त्यातली फायरिंग कार्डं मी काढून ठेवतो, तांब्यात जात नाहीत म्हणून कोणी बघत नाही. तापकीर भाऊ, तुम्ही येऊन पोतं बघून जा, मला नंबर वाचता येत नाहीत चष्म्याशिवाय.

तापकीर_गल्ली
शनिवारी येतो. डबा घेऊन.

गिरगावकर
पोतं म्हटल्यावर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवला. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण आजवर एकही माणूस "भडकमकर मार्गावरून ट्रान्झिस्टर आणला" असं म्हणाला नसेल. कॉलेजात एसएल १०० आणि एसके १०० ची जोडी घ्यायला जायचो, दुकानदार काउंटरवर मुठीने ओतायचा. आता त्याच दुकानांत सीसीटीव्ही आणि एलईडीच्या पट्ट्या. विचारलं तर म्हणतात ऑनलाइन बघा. ऑनलाइनचं म्हणाल तर अलीएक्स्प्रेसवर २०२० च्या नोव्हेंबरात बंदी आली, तेव्हापासून छोट्या रिपेअरवाल्याचा तोही रस्ता गेला.

नवशिका_५५५
विषय निघालाच आहे तर विचारतो, आमच्या स्पिंडल ड्राइव्हमध्ये जुनं डार्लिंग्टन ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल उडालंय. त्याच व्होल्टेज-करंटचं आयजीबीटी मॉड्यूल टाकलं तर?

जुना_सोल्डर
नको. डार्लिंग्टनला चालू राहायला बेसमध्ये सतत करंट लागतो, तुमचं ड्रायव्हर कार्ड त्याच हिशोबाने बनवलंय. आयजीबीटीच्या गेटला व्होल्टेज लागतं, साधारण पंधरा, आणि बंद करताना बहुतेक जण उणे व्होल्टेज देतात. ड्रायव्हर बदलल्याशिवाय मॉड्यूल बदललंत तर आवाज लांबपर्यंत ऐकू येईल.

सीएनसी_साताऱ्याचा
या धाग्यात एक गोष्ट कोणी बोललंच नाही. पार्ट मिळेल हो, आतला डेटा कुठून आणाल? जुन्या मशीनमधल्या खिडकीवाल्या ईप्रॉम, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या चिप, आत्ताच वाचून फाइल ठेवा. खिडकीवरचं स्टिकर पडलं असेल तर आधी नवीन चिकटवा. वाचायला काही लागत नाही, पण पुन्हा लिहायची वेळ आली तर २७१६ सारख्या जुन्यांना २५ व्होल्ट लागतात आणि आजचे स्वस्त यूएसबी प्रोग्रामर बहुतेक तेवढे देत नाहीत, म्हणून जुना प्रोग्रामर असेल तर फेकू नका. आणि सीएनसीच्या कंट्रोलची बॅटरी मशीन चालू ठेवून बदलायची, बंद करून नाही. पॅरामीटर उडालेलं मशीन घेऊन बसलेला ऑपरेटर दिवाळीच्या आदल्या दिवशी बघितलाय मी.

खान्देशी_चटईवाला
मंडळी आभार, सगळं वाचतोय, वडिलांना पण वाचून दाखवतोय. सोल्डर काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. कपॅसिटर सगळे बदलले, -१५ वर रिपल होता तो गेला, मोटरचा आवाज थोडा सुधारला पण लोड अजून घेत नव्हती. मग बेस टाकून आर आणि बी चे आयसी अदलाबदल केले. दोष फिरला! म्हणजे आयसी खरंच गेलाय, इलेक्ट्रिशियनचं बरोबर होतं, तो आता दोन दिवस कोणाचं ऐकणार नाही.

आता कोणीतरी म्हणालं टीसीए ७८५ हा त्याच कामाचा आयसी मिळतो, तो पण सोळाच पायांचा, तो एक बसवून टाकू का?

जुना_सोल्डर
शाबास. पण टीसीए ७८५ सरळ त्या बेसमध्ये खुपसायचा नाही, पाय सोळा असले तरी जागा वेगळ्या आहेत. तोही मूळ सीमेन्सचा आणि आता जुनाच झालाय, फक्त त्याचे क्लोन बाजारात फिरतात म्हणून मिळतो. यूएए ला दोन्ही सप्लाय लागतात, याला एकच, ८ ते १८ व्होल्ट. म्हणजे छोटं पोटकार्ड करावं लागेल, खाली सोळा पिन जुन्या बेसमध्ये जाणाऱ्या आणि वर टीसीए.

आता त्याहून महत्त्वाचं. एकच बदलू नका. तीन फेजपैकी दोन यूएए वर आणि एक टीसीए वर ठेवलात तर त्याच कंट्रोल व्होल्टेजला तिसरी फेज वेगळ्या अंशावर फायर होणार, कारण रॅम्पची उंची आणि उतार वेगळा. मग काटा आहे तसाच नाचेल आणि मोटरचा कम्युटेटर ठिणग्या टाकेल. बदलायचे तर तिन्ही. तिन्हींच्या नऊ नंबरच्या पायावर ट्रिमपॉट ठेवा आणि दहा नंबरवरचा रॅम्प स्कोपवर एकसारखा करून घ्या. मेघनाताईंच्या पाच वर्षांच्या प्रश्नाला पण हेच उत्तर, तिन्ही एकदम बदलले की उरलेले दोन चांगले यूएए शिल्लक राहतात, ते दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येतील.

अजून तीन गोष्टी. बारा नंबरच्या पायाला कपॅसिटर नसेल तर टीसीए ची पल्स साधारण ३० मायक्रोसेकंदाचीच असते. आर्मेचर म्हणजे इंडक्टिव्ह लोड, करंट हळूहळू चढतो, तेवढ्यात पल्स संपली तर एससीआर लॅच होत नाही, म्हणजे चालू राहत नाही. पल्स रुंद करा. दुसरं, टीसीए मध्ये अकरा नंबरवरचं कंट्रोल व्होल्टेज वाढलं की फायरिंग उशिरा होतं, म्हणजे स्पीड कमी. तुमच्या कार्डात दिशा उलटी असेल तर मध्ये ऑपॅम्प टाकून फिरवून घ्या, नाहीतर पॉट शून्यावर ठेवून मशीन चालू कराल आणि मोटर फुल स्पीडला जाईल. तिसरं, सहा एससीआर आहेत की तीन एससीआर-तीन डायोड ते सांगा. सहा असतील तर एका वेळी दोन फायर व्हायला लागतात, त्यासाठी ६० अंशांनी दुसरी पल्स कार्डावर कुठून येते ते आधी शोधा.

खान्देशी_चटईवाला
तीन एससीआर, तीन डायोड. मोजून बघितलं.

जुना_सोल्डर
मग काम निम्मं झालं.

स्टुटगार्टचा_पाव्हणा
बरं, जुगाड शब्द मागे घेतो. पण एक गोष्ट तरी ऐका माझी. फील्ड फेल्युअरचा रिले आहे का त्या पॅनलमध्ये, आणि तो चालतो का? शंट मोटरचं फील्ड गेलं आणि आर्मेचरला व्होल्टेज राहिलं तर मोटर पळत सुटते. कार्डावर इतके प्रयोग करणार आहात, तर आधी कपलिंग काढा आणि मोटर रिकामी चालवतानासुद्धा फील्ड आणि तो रिले तपासून मगच आर्मेचर द्या. आणि प्रत्येक वेळी आर्मेचरमध्ये सिरीजला दोनशे वॉटचे दोन-तीन बल्ब लावून चाचणी घ्या.

जुना_सोल्डर
याला दहा पैकी दहा.

तापकीर_गल्ली
शनिवारी भोसरीला जाऊन आलो. पोतं नव्हतं, तीन पोती होती. प्लेटिंगच्या रेक्टिफायरची दोन कार्डं मिळाली, एकावर यूएए १४५ दोन, दुसऱ्यावरचे काढून नेलेले. पाय काळपट, छपाई पुसट, म्हणजे नाशिकच्या नियमाप्रमाणे पास. गरम हवेने न काढता कार्डच कापून पाठवतोय, जळगावात सावकाश डिसोल्डर करा. पैसे भंगारवाल्या भाऊंनी घेतले नाहीत, म्हणाले चटई पाठवा एक.

खान्देशी_चटईवाला
दोन चटया कालच पाठवल्या.

कार्ड मिळालं. त्यातला एक आयसी बसवला, पाव्हण्यांच्या सांगण्याप्रमाणे आधी बल्बवर, मग रिकामी मोटर, मग लोड. फील्डचा रिले चिकटलेला होता म्हणजे कधीच सुटला नसता, तो बदलला. मशीन आज सकाळपासून चालू आहे, काटा स्थिर, चटईच्या काडीची जाडी पण एकसारखी येतेय जी गेल्या दोन सीझनमध्ये येत नव्हती आणि आम्ही डायला दोष देत होतो. दुसरा आयसी डब्यात फोममध्ये ठेवलाय. सीझन संपला की तीन टीसीए ची पोटकार्डं करणार, काका डिझाइन बघतो म्हणालेत. व्हीएफडीचं तेव्हा बघू, मोटरचे ब्रश संपायला आले की.

मेघना_के
डब्यावर नंबर, तारीख आणि कुठल्या मशीनचा हे लिहून ठेवा. दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. आणि त्या फायरिंग कार्डाचं सर्किट आत्ताच हाताने काढून ठेवा, सगळं उघडं आहे तोवर.

नवशिका_५५५
काका, त्या डार्लिंग्टन मॉड्यूलचं काय करू मग? ड्रायव्हर कार्डाचा फोटो टाकू का इथे?

जुना_सोल्डर
इथे नको, नवीन धागा काढ. दोन्ही बाजूंचे फोटो, पार्टचे नंबर वाचता येतील असे, आणि फोटो काढताना मेन बंद असू दे.